चिंचेने घासलेला व्हॉल्व्ह

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या गाडीच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह चिंच-मीठ लावून घासला. लिहिताना आजही लाज वाटते, पण घासला. पूजेच्या दिवशी घरातलं सगळं पितळ लखलखलं पाहिजे ही सासूबाईंची शिस्त, आणि त्या व्हॉल्व्हची फिरकी पितळेची. मी कशी सोडणार?

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःला अर्धी मिस्त्री समजत होते. सासऱ्यांच्या जुन्या गाडीत आम्ही दणकट इंजिन बसवून घेतलं होतं. एवढी पळणारी गाडी थांबायलाही हवी, म्हणून उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातल्या मिस्त्रीने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, मागे जुने ड्रम ठेवले आणि ब्रेक ऑइलच्या नळ्या नव्याने टाकल्या. त्यातली एक नळी मी लाटण्याभोवती वाकवून दिली होती, कुठेही न चेपता. त्या एका वळणाचं कौतुक मी स्वतःच आमच्या अख्ख्या माधव नगर वस्तीला ऐकवलं.

खरं काम मिस्त्रीने त्यानंतर केलं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. त्यांना जास्त दाब मिळाला तर ती आधी जाम होतात आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. तो दाब कमी ठेवायला मागच्या नळीवर हा व्हॉल्व्ह. मोकळ्या मैदानावर गाडी पळव, थांबव, फिरकी किंचित फिरव, असं दोन तास करून त्याने जागा पक्की केली आणि फिरकीवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढली. "भाभीजी, इसको हाथ मत लगाना."

हात नाहीच लावला. चिंच लावली.

फिरकी सोन्यासारखी चमकली आणि मग पाहते तर रेघ गायब. घासताना ती किती फिरली कुणास ठाऊक! पण मिस्त्रीला सांगायचं म्हणजे त्याचं हसणं आलं. मी अंदाजाने फिरकी थोडी इकडे, थोडी तिकडे केली, वर हळदकुंकू वाहिलं आणि गप्प बसले. गल्लीत हळू चालवून पाहिली, तर शहाण्यासारखी थांबली.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला आम्ही दोघीच निघालो. सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. गावाबाहेर रस्ता मोकळा मिळाला, तशी मी गाडी दामटली. तेवढ्यात एक ऑटो आडवा आला. मी जोरात ब्रेक दाबला आणि समोरचा रस्ताच निघून गेला. काचेतून सोयाबीनचं शेत गेलं, एक टपरी गेली, आणि गाडी थांबली तेव्हा तोंड उज्जैनकडे होतं. ज्या रस्त्याने आलो, तोच समोर.

"ओ मैडम, सर्कस है क्या?" ऑटोवाला ओरडला.

माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मागून आवाज नाही. मागे वळून बघायची मला हिंमत होईना. त्या काही क्षणांत मी मनातल्या मनात ऐंशी वर्षांच्या बाईला मारून बसले होते.

मग पानं सळसळली. वळले. सासूबाई सीटवर आडव्या, चष्मा कानाला लोंबकळतोय, केसांत आपट्याची पानं.

"लागलं का हो कुठे?"

"नाही." त्यांनी चष्मा नीट केला. "हे काय झालं गं?"

दोष ऑटोवर ढकलता आला असता. तोंडापर्यंत आलाही होता. पण त्या केसांतली पानं एकेक काढून पिशवीत भरायला लागल्या, ते मला दिसलं. मी सगळं सांगितलं, चिंच, रेघ, अंदाज, सगळं.

"म्हणजे सकाळपासून तुला ठाऊक होतं?"

"हो."

त्या उतरल्या. पदर झटकला, तिथेच उभ्या ऑटोत जाऊन बसल्या आणि बाहेर डोकं काढून मला म्हणाल्या, "बिघडव हो, पाहिजे ते बिघडव. फक्त मला आधी सांगत जा, म्हणजे मी घरूनच ऑटो करीन."