घरचं मत मागणाऱ्या नसीम मॅडम

नसीम मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली ती वर्गाच्या दाराशी. नववीचे पहिले दिवस होते. आमच्या अमरावतीच्या शाळेत चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत होती. इंग्रजीच्या तासाला नव्या बाई आल्या, त्यांनी आमच्या बाकांवरची जाडजूड गाईडं पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे सगळं तिकडे ठेवा, चपलांजवळ. जाताना घेऊन जा." चपलांच्या रांगेशेजारी गाईडांची रांग लागली. वर्षभर ती रोज लागत होती, आणि घरी परतताना ती घ्यायला आम्ही हळूहळू विसरू लागलो.

मॅडम मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, वर्गात मराठी आणि इंग्रजी. नोकरीची पहिली वर्षं अकोल्यात गेली, पुढची सगळी अमरावतीत, आणि आता पंचाहत्तरी पूर्ण करताना त्या पुन्हा अकोल्यात लेकीकडे राहतात. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी मोठमोठी माणसं लिहिणार आहेत. मी वलगावला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात आणि मी त्यांत नवी तार भरते. हायस्कुलात इंग्रजीच्या कथा-कविता शिकून कोणाचं काय भलं होतं, असं विचारणारे लोक माझ्याच दुकानात बसून माझाच चहा पितात. म्हणून संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

मॅडमची शिकवायची रीत वेगळी होती. धडा किंवा कविता वर्गात झाली, की ती घरी न्यायची. घरातल्या कोणाला तरी ती आपल्या बोलीत सांगायची, आणि ऐकून ते जे बोलतील ते जसंच्या तसं वहीत लिहून आणायचं. वहीचं नाव ‘घरचं मत’. दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं मत फळ्यावर येई आणि सगळा वर्ग मिळून ते इंग्रजीत करी. आमच्या आयांचं, मामांचं, शेजाऱ्यांचं बोलणं इंग्रजीत मावतं, हे आम्हाला असं कळलं.

एकदा जंगलातून एकटी जाणाऱ्या मुलीची कविता होती. आमच्या वर्गातल्या इमरानच्या खालांनी, म्हणजे मावशीनं, ती ऐकून विचारलं होतं, "थ्या पोरीच्या पायात चप्पल होती का?" आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "शोधा," म्हणाल्या. पूर्ण तास आम्ही ओळीमागून ओळ चप्पल शोधली. चप्पल सापडली नाही, पण तिसऱ्या कडव्यात काटा सापडला. कविता सगळ्यांची तोंडपाठ होती आणि काटा एकालाही दिसला नव्हता.

पालकसभेत एक गृहस्थ तावातावानं उठले. "मॅडम, पोराईले परीक्षेचं शिकवा. हे घरी येऊन गोष्टी सांगून रायले." मॅडमनी अदबीनं विचारलं, "मग कशी वाटली गोष्ट?" त्यावर गृहस्थांनी त्या गोष्टीतल्या चोराची बाजू अशी काही मांडायला घेतली, की शेवटी मुख्याध्यापकांनी त्यांना हात जोडले. आता गौरवग्रंथात लिहू नये, पण खरं तेच लिहिते: मॅडमचा अभ्यासक्रम एकदाही वेळेत संपला नाही. मार्चमध्ये त्यांची धावपळ पाहण्यासारखी असे, आणि त्यांचं अक्षर तर त्यांनाही लागत नसे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझी आई गेली. चार दिवसांचा ताप, बस. घरी बाबा आणि मी दोघंच उरलो. बाबा मुळात गप्पिष्ट माणूस, दुकान तेव्हा त्यांचं, गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की तासभर सोडायचे नाहीत. ते बोलायचेच थांबले. ‘जेवली का’ आणि ‘कुलूप लाव’, एवढंच. दर रविवारी मात्र आईच्या शिलाई मशीनचं झाकण उघडून ते तिच्यात तेल घालत, चाक फिरवून पाहत आणि पुन्हा झाकून ठेवत. त्या मशीनवर आता शिवणारं कोणी नव्हतं. मला त्या तेलाचा राग यायचा. आई तर गेलीच होती, आता बाबाही घरात असून जातात की काय, अशी भीती मला दिवसरात्र वाटत होती.

तेव्हा वर्गात एक धडा आला. थंड मुलुखातला एक म्हातारा, बायको वारलेली. ती कोंबड्यांना दाणे घालायला जायची, त्या खुराड्यापर्यंतची वाट तो रोज सकाळी फावड्यानं बर्फ काढून मोकळी करतो. कोंबड्याही कधीच्या गेल्या आहेत. शेजारी त्याला हसतात. धडा तिथंच संपतो. आता हा धडा मी बाबांना कसा सांगणार? मी चपलांजवळचं गाईड उघडलं आणि बाबांच्या नावावर लिहून टाकलं: ‘म्हातारा कष्टाळू होता. आपणही कष्ट करावे.’

मॅडमनी वही वाचली आणि मला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. "बेटा, हे मत गाईडचं आहे. गाईडला घर नसतं."

मी रडले. म्हटलं, "मॅडम, बाबा बोलतच नाहीत."

त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. आपल्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तू सांग तर खरं. नाही बोलले, तर तेही मतच आहे. तेच लिहून आण." वहीत माझ्या खोट्या मताखाली लाल शाईनं त्यांनी दोनच शब्द लिहिले: ‘पुन्हा विचार.’

त्या संध्याकाळी मी बाबांना धडा सांगितला. मी लिहिलं: ‘बाबा काही बोलले नाहीत. ताटातली भाकर तशीच ठेवली.’ मॅडमनी त्याला बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितला. बाबा उठून अंगणात गेले. मी तेही लिहिलं, आणि मॅडमनी पुन्हा खूण केली. तिसऱ्या दिवशी मी ‘शेजारी त्याला हसले’ इथवर आले आणि बाबा एकदम म्हणाले, "हासले? काहून हासले?"

मी म्हटलं, "खुराड्यात कोंबड्याच नाहीत नं बाबा. मंग वाट कायले साफ करते तो?"

"वाट बुजली तं थे गेली हे पक्कं होऊन जाते. म्हनून करते." बराच वेळ ते भिंतीशी झाकून ठेवलेल्या मशीनकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या बुढ्याले पोरगी होती का?"

"धड्यात नाही लिहेल."

"असन. लिहाचं राह्यलं असन. रोज पाहत असन थे त्याले." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढचा धडा कोन्ता हाय?"

मी वहीत हे सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते फळ्यावर घेतलं नाही. वाचून त्यांनी वही छातीशी धरली आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला तेव्हा वाटलं, काहीतरी चुकलं.

त्यानंतर बाबांनी एकही धडा सोडला नाही. मी दहावी झाले तरी संध्याकाळी विचारायचे, "आज काय म्हनते इंग्रजी?" चोराबद्दल, राजाबद्दल, समुद्राबद्दल त्यांची मतं असत, आणि समुद्र तर त्यांनी पाहिलेलाही नव्हता. माझी मराठी मला बाबांशी ‘जेवले का’ यापलीकडे नेत नव्हती. दूरच्या देशातला तो बर्फ नसता, तर आम्ही दोघं त्या मशीनबद्दल जन्मभर बोललो नसतो. इंग्रजी साहित्य शिकून मला नोकरी लागली नाही. मला माझा बाप परत मिळाला. दुकानात चहा पिणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते.

तीन वर्षांपूर्वी बाबा वारले. महिनाभरानं मॅडम अकोल्याहून बसनं वलगावला आल्या, गुडघे दुखत असताना. पिशवीतून त्यांनी माझी ती जुनी वही काढली. दहावीनंतर मी ती त्यांच्याकडेच सोडली होती, त्यांनी इतकी वर्षं जपली होती. "तुझ्या घरची आहे," म्हणाल्या. माझ्याकडे बाबांचे दोन फोटो आहेत, आवाज एकही नाही. वही उघडली आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात बाबा बोलू लागले. मी दुकान बंद करून मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

अलीकडे मॅडमना बारीक अक्षर दिसत नाही. दर रविवारी सकाळी मी आईच्या मशीनमध्ये तेल घालते आणि मग त्यांना फोन लावते. एक इंग्रजी गोष्ट वाचून दाखवते, शेवटी विचारते, "मॅडम, घरचं मत?" त्या जे बोलतात ते मी त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते. गेल्या रविवारी शेवटचं पान संपलं. मॅडमना ते सांगितलं, तर म्हणाल्या, "चला, म्हणजे माझाही अभ्यासक्रम संपला."

नाही मॅडम. तुमचा अभ्यासक्रम कधीच वेळेत संपलेला नाही, आता तरी ही सवय कशाला मोडता? मी बाजारातून दोनशे पानांची नवी वही आणली आहे. रविवारी एक पान, त्याहून जास्त नाही. गुडघ्यांना तेल लावत राहा, औषध वेळेवर घ्या, आणि फोन उचला.

गोष्ट मी वाचते. मत तुम्हीच द्यायचं आहे.