आमचे गबाळे साडू

गबाळा हा शब्द आमच्या खालापूर तालुक्यात ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारला, त्याने आमच्या साडूंना पाहूनच तो उच्चारला असला पाहिजे. लोक हा शब्द फार सैल वापरतात, म्हणून आधी स्पष्ट सांगतो. मळका राहतो तो ओंगळ. साडू दोन वेळा अंघोळ करीत आणि रोज धुतलेले धोतर नेसत. कामात घोळ घालतो तो भोंगळ; त्यांच्या नोंदवहीत मला बारा वर्षांत एकही चूक सापडली नाही, आणि मी कचेरीतला जुना कारकून, शोधायला बसलो की चूक सहसा सापडते. गबाळा म्हणजे ज्याच्या अंगावर चांगला कपडाही परक्या घरी मुक्कामाला आल्यासारखा दिसतो तो. साडूंच्या कोटाला पाच गुंड्या होत्या. त्यांतल्या जास्तीत जास्त तीन आपापल्या घरात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. डोक्याचा रुमाल चौकापर्यंत डोक्यावर, पुढे खांद्यावर, आणि संध्याकाळी बहुधा दुसऱ्याच कुणाच्या ओट्यावर असे. त्यांची बायको म्हणे, "भावोजी, सकाळी यांना नीट करून धाडते, पायरी उतरेपर्यंत टिकतं बघा."

साडू देवी काढणारे सरकारी नोकर. डोंगराखालच्या वाड्यांतून मुलांचे दंड टोचीत हिंडायचे. असा माणूस दिसला की आया पोरे उचलून रानात पळत; साडूंना पाहून मात्र कुणी पळत नसे. का, हा विचार आम्ही कुणी केला नाही. एका वर्षी एका ठाकरवाडीत एकतीस मुलांपैकी एकतीस टोचल्याची त्यांनी नोंद केली. इतका पुरा आकडा पाहून वरून संशय आला. नोंद खोटी ठरली तर नोकरी जाणार! तपासणीच्या सकाळी मी त्यांना माझा कोट घातला, गुंड्या स्वतः लावल्या, रुमाल टाचण्यांनी आवळून बसवला. आरशात पाहून ते म्हणाले, "हे कोण गृहस्थ?"

हाच प्रश्न वाडीलाही पडला. आम्ही शिरतो तोच आरोळी उठली, "सायेब आला रं, सायेब!" आणि कोंबड्यांखेरीज तिथे कुणी उरले नाही. आमच्या मागून आलेल्या तपासणीच्या साहेबांनी वही उघडली. "कुठे आहेत तुमची एकतीस मुले?" साडूंनी हाका मारल्या. रानातून हूं की चूं नाही. ते घामाने निथळले, रुमाल ओरबाडून तोंड पुसले, कोट काढून फेकला, त्या झटापटीत धोतराचा सोगाही सुटला. तेवढ्यात झाडीतून एक म्हातारी बाहेर आली.

"आगं बाय, ह्यो तर आपला गबाळ्या! काय रं, सायबाचं सोंग घेऊन कशापाई आलास? लेकरं भ्याली ना!"

मुले आली. साहेबांनी मोजली, मीही मोजली. एकतीस दंड, एकतीस वण. साहेब हसून म्हणाले, "आता कोट घाला." साडू म्हणाले, "नको साहेब, पुन्हा पळतील."

पुढे त्यांची बदली झाली. नवा माणूस फार टापटिपीचा आहे. त्या वाडीपुढे त्याच्या वहीत ओळीने 'गैरहजर' लिहिलेले असते. मागच्या महिन्यात कामासाठी तिकडे गेलो, तर त्या म्हातारीने मला अडवले.

"आमचा गबाळ्या कुटं हाय?"

"लांब धाडलं त्यांना. समुद्राकडे."

ती म्हणाली, "तिथली मानसं वळखत्यात का रं त्याला?"

मला ठाऊक नव्हते. तरी मी म्हणालो, "ओळखतात."