पूर्णेच्या बेटावरून मारलेल्या हाका

लढाई संपली त्या हिवाळ्यात आमी हिंगोलीच्या छावणीत होतो. हवालदार यादव बर्मात आमच्यासोबत होते. त्यांनी साहेबाकडून आमा सहा जणांसाठी कॅम्प मंजूर करून घेतला. परेड न्हाई, इन्स्पेक्शन न्हाई. पूर्णेतल्या बेटावर तंबू ठोकायचा, मासे धरायचे.

जवळा बाजारला जाणाऱ्या उतारूंच्या नावेत बसलो. पाठीवरचे पिट्टू, राशन, बाजाराच्या बाया अन् एक शेळी. शेळीनं हवालदाराच्या पट्ट्याला तोंड घातलं. एक बाई म्हणाली, "खाऊ द्या साब, सरकारीच हाय."

बेटावर उतरवताना नावाडी म्हादू बोलला, "धुकं असलं तर एक हाक मारून थांबा. ती विरली की दुसरी. मग तिसरी. तवाच नाव सोडतो."

"काहून?"

"माणूस थांबून हाक मारतो. दुसरं जे हाय, ते थांबत न्हाई."

"फौजेत एका हुकमावर तोफ सुटती," हवालदार म्हणाले.

"सुटू द्या. नाव सुटत न्हाई."

सगळे हसले. शिपाई किसन हसला न्हाई. तो याच काठच्या भोयाचं पोरगं.

सकाळी धुकं असं की तंबूची खुंटी दिसंना. किसन काटक्या आणायला गेला अन् त्याच्या पायाला नाग डसला. हवालदारानं मांडीला पट्टी आवळली. डॉक्टर छावणीत, मधी पाणी. त्यांनी आमाला बेटाच्या काठावर रांगेत फॉल-इन केलं.

"एकसाथ आवाज द्या. थांबू नका."

आमी ओरडत राहिलो. धुक्यातून आमचाच आवाज परत येई, पण तो आमचा वाटत नव्हता. वल्ह्याचा आवाज येईना.

किसनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पापण्या मिटून राहिल्या होत्या, जीभ जड. तो म्हणाला, "त्यांना चूप कर."

मी हवालदाराला सांगितलं. त्यांनी हात वर केला. मी किसनला टेकवून बसवलं.

त्यानं हाक मारली, "म्हादूकाका." थांबला. पुन्हा मारली. थांबला. तिसरी अर्धीच निघाली. तेवढ्यावर नाव आली.

"कवापासून ऐकून राहिलो," म्हादू बोलला. "ते थांबतच नव्हतं. नावेतल्या बायांना कानावर हात ठेवायला लावले."

किसनला नावेत घातलं. मधल्या धारेत त्याचा श्वास थांबला. हवालदारानं नाडी पाहिली अन् टोपी काढली.

तेव्हा मागून, बेटावरून, हाक आली. "म्हादूकाका." आवाज किसनचा. मी सगळ्यांची तोंडं पाहिली. बेटावर कोणी राहिलं नव्हतं.

"मागं पाहू नका," म्हादू म्हणाला अन् जोरानं वल्हं मारू लागला. बर्मात तोफेसमोर उभे राहिलेले हवालदार, त्यांनीही मान वळवली न्हाई.

शिकलेले म्हणतात, पडसाद असंल. मी मानत न्हाई. पडसाद इतक्या उशिरा येत न्हाई.

पलीकडच्या काठावर किसनची माय बसली होती. लेकरू बेटावर हाय कळल्यावर भाकरी बांधून आली होती. त्याचा आवाज तिनं ओळखला होता.

हवालदार सावधान उभे राहिले. "माय, नाव तुमच्या पोरानं आणली. आमच्यानं झालं न्हाई."

तिनं किसनच्या पायाची पट्टी सोडली. "इतकी आवळून बांधत असतेत का," म्हणाली अन् पाय चोळत बसली.

पलटणीत पडलेल्यांची नावं पुकारतात तेव्हा मी किसनचं घेतो. एकदा क्लार्क म्हणाला, बाबा, तो लढाईत पडला न्हाई. मी म्हणलं, तू लिहू नको. पडलेल्यांचं घेतात तसं मी त्याचं नाव उभ्यानं घेतो, बसून न्हाई.