ताईचे चारशे चुंबक

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, कारण आठ वर्षांत आलेली सगळी मुलं पीएचडी मिळवून निघून गेली आणि ती तिथेच राहिली. तिच्या चुंबकाला लोखंड लागत नसे. तो संगणकात असे: चौकटींचा एक सपाट पट, प्रत्येक चौकटीत एक बाण, वर नाहीतर खाली. प्रत्येक बाण आपल्या चार शेजाऱ्यांचं बघून वागतो. पट तापवत नेला की एका ठरावीक तापमानाला सगळ्यांची एकी मोडते. ती कशी मोडते यावर माणसं आयुष्य काढतात. हसू नका, याहून फुटकळ गोष्टींवरही काढतात.

ताईने त्यात एक खोडी केली होती. काही शेजाऱ्यांमधले बंध तिने वाटेल तिथे कमकुवत केले. अशा गोंधळाने एकी मोडण्याची रीत बदलते का? एका पटावरून काही सांगता येत नाही, तो नशिबानेही तसा निघाला असेल. म्हणून चारशे पट, प्रत्येकात गोंधळ वेगळा, मग सगळ्यांची सरासरी. चौदा महिने यंत्रं चालली. उत्तर आलं: रीत बदलते, चांगलीच बदलते. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता, आणि तिसरी, शेवटची मुदतवाढही त्याच दिवशी संपत होती.

बुधवारी दुपारी मुखपृष्ठासाठी तिने दोन पटांची चित्रं छापून घरी आणली. कमकुवत बंध म्हणजे काळे ठिपके. बाबांचं आयुष्य शिवणकामात गेलेलं, नजर पक्की.

"बाबा, यातलं कुठलं छान दिसतं?"

बाबांनी कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. "म्हाताऱ्याची चेष्टा करतेस होय? दोन्ही एकच आहेत."

"छे हो! एक सतरावा पट आहे, एक तीनशे दहावा."

"असेल. पण ठिपका न् ठिपका जुळतोय. ये, बघ."

तिने पाहिलं आणि लगेच संगणक उघडून आपली आज्ञावली तपासली. गोंधळ घडवायला संगणकाला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो, दर पटाला नवा. बाणांना तो नवा मिळत होता. बंधांना मात्र पहिल्या दिवशी नुसत्या तपासणीसाठी लिहिलेला आकडाच मिळत राहिला होता. तिने एकच पट चारशे वेळा मोजला होता.

तिने फोन करून सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "परत चालवायला किती लागेल?"

"चौदा महिने, सर."

"विद्यापीठाच्या कार्यालयात मुदतीचं विचारतो."

गुरुवारी उत्तर आलं: नियमात बसत नाही. प्रबंध तसाच दे, असं काही सर म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर निदान त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

शुक्रवारी ती घरीच बसून राहिली. कार्यालय बंद व्हायच्या वेळेला बाबा दारात आले.

"मी बोललो नसतो, तर चाललं असतं का गं?"

चाललं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. तिला "नाही" म्हणायचं होतं. बाबा उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.