ओढीची सहा वाक्यं

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — गोळ्या कोणत्या, भाऊबंदकी कुणाशी, पहिल्यांदा दारू कुठं प्यालो तेसुद्धा. हे तेवढं तिला ठाऊक नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगून राहिलो, ते मन हलकं करायला नाही. ते होणार नाही, मला माहीत आहे. पण आतल्या आत नासलेल्या गोष्टीचा वास माणसानं किती वर्षं एकट्यानं घ्यायचा?

मी नांदेडच्या नायगावकडचा. इंग्रजीत एम. ए. करून लातूरला आलो, तेव्हा तिथं क्लासेसचं पेवच फुटलं होतं. भूकंपाला चारेक वर्षं झालेली. एका बाजूला पत्र्याच्या शेडात राहणारी माणसं अन् दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडात डॉक्टर घडवणारे आम्ही. त्यात इंग्रजीचा सर म्हणजे ताटातलं लोणचं. फिजिक्स, बायोलॉजीवाल्यांची नावं रस्त्यावरच्या बोर्डावर हातभर अक्षरात. माझं नाव कुठंच नाही. ते बोर्डावर यावं ही — काय म्हणू — हाव होती मला. येता-जाता त्या बोर्डाकडं बघायचो.

आमच्या वर्गात दर सोमवारी एक शब्दगट असायचा. त्या सोमवारी इच्छेचे शब्द घेतले. विश, डिझायर, लाँग, यर्न, क्रेव्ह, पाइन. डिझायर म्हटल्यावर मागची पोरं हसली. मी रंगात येऊन समजावलं — गरोदर बाईला चिंच हवी असते ते क्रेव्हिंग, सासरी गेलेली पोरगी माहेरच्या वाटेकडं बघते ते लाँगिंग. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहून आणा, गाइडातलं चालणार नाही, कुणाला तरी पत्र लिहितोय असं लिहा.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. मंगल तिचं नाव. किल्लारीच्या बाजूच्या गावची. बाप आधीच गेलेला, आई भूकंपात भिंतीखाली गेली. चुलत्यानं लातूरला आणून शिकवलं. चुलता आडतीवर हमाली करायचा. मेडिकलला लागणार असं तिच्याबद्दल सगळे सर म्हणायचे. तिनं हळूच विचारलं, "सर, आईला लिहिलं तर चालंल का?"

मी म्हणालो, "चालेल की."

हे नीट लक्षात ठेवा. मला माहीत होतं. पुढं जे झालं ते माझ्या गैरसमजानं झालं नाही.

त्याच आठवड्यात कुण्या पालकानं क्लासच्या मालकांकडं तक्रार केली — इंग्रजीचे सर पोरींना डिझायर शिकवतात म्हणे. मालकांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, बोर्ड नवा रंगवायचाय, तुमचं नाव घालायचं म्हणत होतो, तेवढं जरा सांभाळून. एवढ्यावर माझी झोप उडाली.

अन् शनिवारी तिचा चुलता आला. खांद्यावर टॉवेल, हातात घडी घातलेला कागद. तिनं वहीत उतरवायच्या आधीचा कच्चा कागद, गादीखाली सापडलेला. मालक समोरच बसलेले.

"सर, आमाला इंग्रजी येत न्हाई. पोरगी हे वाचून रडत बसती. तुमीच सांगा, काय लिवलंय?"

मी वाचलं. सहा वाक्यं. तुझ्या हाताच्या वासासाठी जीव तळमळतो. दिवस मावळला की तुझ्यावाचून झुरते. तू एकदा ये, मी दुसरं काहीच मागणार नाही. — इंग्रजी मोडकंतोडकं, पण मी एम. ए. झालेला माणूस, असं एक वाक्य मला कधी लिहिता आलं नाही. आई हा शब्द कुठंच नव्हता. मालक माझ्या तोंडाकडं बघत होते. एवढंच म्हणायचं होतं — काका, आईला लिहिलंय, गृहपाठ आहे, मीच दिलाय. किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "हे अभ्यासाचं नाही. कुणाला तरी लिहिलंय. घरातच विचारा."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. शेण खाल्लं, सरळ शेण खाल्लं मी. अन् खाताना तोंडसुद्धा वाकडं झालं नाही, याची किळस मला जास्त येते.

इथंच थांबलं असतं तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण सोमवारी सकाळी तो तिला घेऊन परत आला. बिचारा न्यायाचा माणूस. म्हणाला, "पोरगी म्हनती सरांनीच दिलं व्हतं. आईला लिवलंय म्हनती. म्हनून तुमच्यापुढं हुभी केली. तुमी सांगा, मी तुमचं ऐकतो."

ती दारात उभी. डोळे सुजलेले, पण मला बघून चेहरा जरा उजळला. हो, उजळला. सर आहेत, आता सर सांगतील. मालक आतच होते. अन् मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "मी असलं काही देत नाही."

ती रडली नाही. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं, सर." अन् चप्पल घालून चुलत्याच्या मागं गेली.

परीक्षेच्या आधीच तिचं लग्न लावून दिलं, लांब हिमायतनगरकडं. हॉल तिकीट आमच्या ऑफिसात पडून होतं, कुणी न्यायला आलं नाही. नवा बोर्ड लागला. माझं नाव तिसरं होतं. त्याच्याखाली उभा राहून मी फोटो काढून घेतला.

अन् अजून एक. तिची ती वाक्यं मला पाठ झाली होती. पुढं कितीतरी वर्षं मी ती वर्गात सांगितली, उत्तम नमुना म्हणून. पोरं उतरवून घ्यायची. सर, तुमचीच का, असं एकीनं विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. जनाची नाही, मनाची तरी? तीही नाही.

मागं नांदेडच्या बसस्टँडवर तिचा चुलता भेटला. म्हातारा झालेला. मीच ओळख दिली नाही, पण त्यानं ओळखलं. हात धरून टपरीवर नेलं, फडक्यानं बाकडं पुसलं, मला बसवलं, आपण उभा राहिला. म्हणाला, "सर, त्या टायमाला तुमी खरं सांगितलं म्हनून घराची अब्रू ऱ्हायली. लई उपकार हायेत. पोरगी आता नांदतीय, पर माझ्याशी अजून बोलत न्हाई. तिला काय कळतंय तुमी तिच्या भल्याचं केलं ते."

तिसऱ्यांदा संधी होती. तिथं मालक नव्हते, बोर्ड नव्हता, कोणीच नव्हतं.

मी म्हणालो, "कर्तव्यच होतं, काका." चहा प्यालो. आणखी एक घ्या म्हणाला. तोही घेतला.