वरच्या रानासाठी पिस्टन

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाची जमीन दोन ठिकाणी आहे. एक तुकडा घरालगत, विहिरीखाली. दुसरं रान टेकाडावर, कोरडवाहू. तिथे रब्बीची ज्वारी होते. वर जायला रस्ता नाही, दगडगोट्यांची चढण आहे. मोटारसायकलवरून पडून दादाचं खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलावा लागला, आणि तेव्हापासून ही चढण त्याला पायी करता येत नाही. ढेकळांत तर काठी घेऊनही उभं राहता येत नाही.

उपाय त्यानेच शोधला. पुणे रस्त्यावरचं एक कृषिपर्यटन केंद्र बंद पडलं, तेव्हा तिथली एटीव्ही त्याने जुन्यात घेतली. मोटारसायकलसारखं हँडल, जाड नक्षीची चार बुटकी चाकं. गावाने तिला पहिल्याच दिवशी रणगाडा म्हटलं. 'रणगाडा आला रं, बांध सांभाळा,' असं पारावरून कुणीतरी ओरडायचं आणि दादा हात वर करून पुढे जायचा. वरच्या रानात तो पुन्हा एकटा जाऊ लागला आणि एकटा परत येऊ लागला. त्याला एवढंच हवं होतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी ही गाडी वरच बंद पडली. त्याआधी बरेच दिवस ती निळा धूर सोडत होती, ऑइल खात होती. दादाकडे मोबाईल होता, पण वर रेंज नव्हती. दिवस कलला तेव्हा वहिनीने शेजाऱ्याला पाठवलं. त्याने दादाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं आणि एटीव्ही मागे दोराने बांधून खाली आणली. ट्रॉली पारावरून गेली. त्या दिवशी कुणी काही ओरडलं नाही. दादाला तेच जास्त लागलं.

एटीव्ही पारनेरच्या गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने सेल्फ मारून पाहिला, प्लग काढून पाहिला आणि पिस्टन गेल्याचं सांगितलं. इंजिन मात्र खोललं नाही. या भागातल्या बहुतेक गॅरेजांची ही पद्धत आहे. खोललेलं इंजिन सामानाची वाट बघत पडून राहतं, त्यात धूळ जाते, नट हरवतात, गिऱ्हाईक फिरकत नाही. 'आदी सामान आना, मंग खोलतो,' तो म्हणाला. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी नगरला राहतो, त्यामुळे पिस्टन आणण्याचं काम माझ्याकडे आलं. दुकानात लोकल पिस्टन लगेच मिळत होता. कंपनीचा ओरिजिनल पुण्याहून मागवावा लागणार होता आणि पुण्यातही तो बाहेरून यायचा होता. दुकानदार तारीख सांगायला तयार नव्हता. किमतीतही फरक होता, पण घरात वाद झाला तो किमतीवरून नाही.

'लोकल टाका अन् उठा हितून,' वहिनी म्हणाली. 'दिसभर वसरीला बसून माज्या भाकरीला नावं ठिवताय.'

'अन् वर जाऊन परत बंद पडली तर? मला ट्रॉलीत घालून आनायचं का, कांद्यावानी?'

'तुमच्या खुब्यात काय ओरिजिनल बसिवलंय व्हय? चालतंयच की.'

दादा हसला. 'म्हनून तर गाडीला ओरिजिनल पायजे. वर बी डुप्लिकेट अन् खाली बी डुप्लिकेट, आसं कुटं आसतं व्हय?'

ओरिजिनल मागवायचं ठरलं.

पोळा झाला, गणपती बसले आणि गेले. दुकानदाराचं उत्तर प्रत्येक वेळी एकच होतं: निघालाय. दादाने सुरुवातीला रोज फोन केला, मग सोडून दिला. वरच्या रानाची कुळवणी मजुरांनी केली. कशी केली ते त्याने वहिनीला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, पुन्हा वहिनीला विचारलं. ती कंटाळून म्हणाली, 'माती हलिवलीया. आजून काय सांगू?'

हस्ताचा पाऊस पडून गेला त्या आठवड्यात पिस्टन आला. मी तो घेऊन गेलो, दादाला गाडीत घेतलं आणि आम्ही पारनेरला पोचलो. मेकॅनिकने खोका फोडला, मग इंजिन खोललं. नवा पिस्टन ब्लॉकच्या नळीत सोडला आणि बोटाने हलवला. तो सैल बसत होता. त्याने जुना पिस्टन उचलला, माथ्यावरची काजळी खरवडली आणि खालचा आकडा दादाला दाखवला.

'ब्लॉक आदीच बोर मारून मोटा केल्याला हाय, भाऊ. पर्यटनवाल्यांनी मारला आसंल. त्यात वाढीव मापाचा पिस्टन हुता. लोकल.'

'म्हंजी इतके दिवस मी लोकलवरच वर जात हुतो?'

'व्हय.'

दादाने जुना पिस्टन हातात घेऊन बराच वेळ पाहिला. हाताला काजळी लागली, ती त्याने पायजम्याला पुसली.

आता ओरिजिनल पिस्टन बसवायचा तर ब्लॉकही ओरिजिनल लागणार होता. म्हणजे पुन्हा पुण्याहून, पुन्हा बाहेरून. नाहीतर ब्लॉकला आणखी एक बोर मारून त्याहून मोठा लोकल पिस्टन बसवायचा.

'त्यो उद्या बी हुईल,' मेकॅनिक म्हणाला. 'पन ब्लॉकची भिंत पातळ पडती. लवकर तापनार. सपाटीला कायबी हुनार न्हाई. चढनीचं मी बोलत न्हाई.'

दोन्ही पर्यायांत काय होईल ते मी दादाला पुन्हा एकदा सांगितलं. त्याला ते सगळं ठाऊक होतं. ज्वारीची पेरणी ब्लॉकसाठी थांबणार नव्हती, जमिनीचा वाफसा जेमतेम काही दिवसांचा होता. मेकॅनिकने चहा मागवला. दादाने तो संपवला आणि कप बाकाखाली ठेवला.

'लोकल टाक,' तो म्हणाला. 'विहिरीपातूर जाईल ना?'

'विहिरीपातूर कवाबी.'

परतताना त्याने मला शेजाऱ्याच्या वस्तीवर गाडी थांबवायला सांगितली. तो खाली उतरला नाही. शेजारी ट्रॅक्टर धूत होता, तो हात पुसत खिडकीशी आला.

'वरचं रान वाट्यानं करतो का?' दादाने विचारलं. 'अर्ध्यानं. बी माजं.'

'थट्टा करताय का, दादा? तुमी असताना?'

'म्या खालचं बगतो.'

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

'औंदापुरतं का?' त्याने विचारलं.

'पेर तर आदी.'

तो बरं म्हणाला. मी गाडी सुरू ठेवली होती. दादा त्याला सांगू लागला, की ओढ्याकडच्या कोपऱ्यात खडक वर आलाय, तिथं पेरणीयंत्र उचलून घे. लिंबाखाली बी दाट पाड, पाखरं येतात. मधल्या पट्ट्यात ओल जास्त टिकते, तिथून सुरू करू नको, तिथं शेवटी ये. शेजारी मान हलवत होता. सांगणं संपेना, तेव्हा मी इंजिन बंद केलं.