हरकत कोणी घेतली नाही

चूक माझी होती, आणि ती मी नीट विचार करून केली होती.

शब्द आणि त्याचा उच्चार एकत्र साठवणारा एक प्रोग्राम मी लिहिला होता. मोफत, कोड सगळ्यांसाठी खुला. जुन्या बत्तीस-बिट संगणकांसाठी त्याची वेगळी आवृत्ती बनवावी लागे. त्याचा मला कंटाळा आला. ही आवृत्ती बंद करतोय, हरकत असल्यास महिनाभरात कळवा, असं मी साइटवर लिहिलं. कोणीच कळवलं नाही. मी ती काढून टाकली, जुन्या फायलींसकट. जागा स्वच्छ झाली म्हणून मला बरंही वाटलं.

आठ महिन्यांनी चामोर्शीपलीकडच्या एका गावातून अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. एका कार्यालयानं टाकून दिलेल्या संगणकावर त्या गावातल्याच एका म्हातारीच्या तोंडून गोंडी शब्द साठवत होत्या. कंदांची नावं झाली होती, पाखरांची राहिली होती. मधे संगणक बिघडला. दुरुस्त करून आणला, पण माझ्या साइटवरून पुन्हा उतरवून घेतलेला प्रोग्राम त्यावर चालेना; त्याला लागणारी आवृत्ती मी काढून टाकली होती. आपल्याच हातून काही बिघडलं, असं त्या इतके महिने समजत होत्या. लाजेनं कोणाला विचारलंही नव्हतं.

जुनी आवृत्ती पुन्हा बनवायला मला दोन तास लागले. फक्त दोन तास. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह खिशात घालून भद्रावतीहून बस धरली.

प्रोग्राम सुरू झाला. कंदांची नावं म्हातारीच्या आवाजात ऐकू आली, मधेच तिचं हसणंही. मी म्हटलं, चला, आता पाखरं घेऊ. बाईंनी आवाज बंद केला. फोनवर त्यांना सांगवलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी म्हातारीला लकवा मारला होता. वाचा गेली होती.

मी नोटिशीचं सांगू लागलो. महिनाभर वाट पाहिली, कोणी बोललं नाही, वगैरे.

"भाऊ, आमच्या ग्रामसभेत जो गप बसला, त्यालेच आधी विचारतेत," बाई म्हणाल्या. "तुमी काऊन नाई विचारलं?"

मला ही रीत माहीत होती. वनहक्काच्या कामात अशा सभांना मी बसलो होतो. कोपऱ्यातल्या माणसाला नाव घेऊन विचारताना पाहिलं होतं. तरी माझ्या कामात गप्प राहणारे नाहीतच, असं मी धरलं.

म्हातारी बाजेवर पडून होती. बाईंनी तिच्या कानाशी गोंडीत काही सांगितलं. तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मी खाली बसलो.

"आजी, मी तुमाले विचारलं नाई," मी म्हणालो. "विचाराले पायजे होतं. मले माफ करा."